विरजणापुरते

दिवाळीच्या आठ दिवस आधी घर झाडायला काढले की बहुतेक घरांत एक जुना वाद नव्याने सुरू होतो. माळ्यावरची सारी अडगळ अंगणात येते आणि घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, वर्षानुवर्षे कोणी हात न लावलेले हे सारे एकदाचे टाकून द्या, घर कसे लख्ख होऊ द्या. दुसरा म्हणतो, राहू द्या, कधी कशाची गरज पडेल सांगता येत नाही. संध्याकाळपर्यंत अर्धी अडगळ भंगारवाल्याकडे जाते, अर्धी पुन्हा माळ्यावर चढते, आणि दोन्ही पक्ष चकलीची भाजणी बरी जमली की नाही या दुसऱ्या वादाकडे वळतात.

वाद घरापुरता आहे तोवर त्यात गंमत आहे. पण तोच वाद माणूस स्वतःविषयी घालू लागला, एखादी शाळा मुलांविषयी किंवा एखादा समाज आपल्या रूढींविषयी घालू लागला, की त्यातली गंमत जाते. स्वतःला बदलायचे म्हणजे जुने किती पुसायचे? सगळेच पुसले तर बदलणारा उरतो कोण? आणि काहीच पुसले नाही तर बदलले ते काय? हा प्रश्न पुष्कळ वर्षे माझ्या मनात घर करून आहे. त्याचे थोडेसे उत्तर मला अगदी अनपेक्षित ठिकाणी मिळाले: बंद पडलेल्या एका संगणकाच्या पोटात. वाचकांनी दचकू नये. मी शाळेत मराठी शिकवते आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. त्यामुळे जे सांगेन ते मला स्वतःला समजले तेवढेच आणि माझ्याच भाषेत सांगेन.

संगणकाची पेटी उघडली की आत हातरुमालाएवढा एक फलक दिसतो. बाकीचे सगळे भाग त्याच्या अंगावर बसतात, म्हणून त्याला मदरबोर्ड म्हणतात. या फलकाच्या एखाद्या कोपऱ्यात करंगळीच्या नखाएवढी, आठ पायांची एक काळी चिप असते. संगणकाचा मेंदू म्हणून ज्याचे कौतुक होते तो प्रोसेसर हिशेबात कितीही तरबेज असला, तरी वीज आली त्या क्षणी तो तान्ह्या मुलाहून अजाण असतो. पडदा कुठे आहे, कळफलक आहे की नाही, स्मृती किती आहे, यातले त्याला काही ठाऊक नसते. त्याला उपजत एवढेच कळते की एका ठरलेल्या पत्त्यावर जायचे आणि तेथे लिहिलेली आज्ञा वाचायची. घराघरांतल्या नेहमीच्या संगणकात हा पत्ता चार गिगाबाइटच्या हद्दीच्या फक्त १६ बाइट अलीकडे असतो, आणि त्याचे दार त्या काळ्या चिपमध्ये उघडते. तेथील आज्ञा एकेक करून वाचत तो स्मृती चाचपतो, पडदा उजळतो, आणि मग कुठे आपल्याला ओळखीचे चित्र दिसते. या पहिल्या आज्ञांना फर्मवेअर म्हणतात. हा शब्द अॅशर ऑप्लर यांनी १९६७ साली वापरात आणला. यंत्राच्या कठीण अंगाहून मऊ आणि रोजच्या आज्ञावलीहून घट्ट, असे काहीतरी मधले त्यांना सांगायचे होते.

१९८१ साली आयबीएम कंपनीचा घरगुती संगणक बाजारात आला, तेव्हा या आज्ञा शिलालेखासारख्या होत्या. कारखान्यात एकदा कोरल्या की कोरल्या. त्यात चूक निघाली तर चिप उपटून दुसरी बसवायची, हाच मार्ग. पुढे १९८४ साली तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी जागच्या जागी पुसून पुन्हा लिहिता येणारी नवी स्मृती जगापुढे मांडली. तिचे पुसणे पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या लखलखाटाची आठवण झाली आणि तिला फ्लॅश हे नाव मिळाले. शिलालेखाची पाटी झाली. मग कंपन्या घरबसल्या सुधारणा पाठवू लागल्या: हा दोष काढला, ही भर घातली, एवढे लिहून घ्या.

पण ही पाटी आपल्या दगडी पाटीसारखी नाही. तिच्यावर एकाचे शून्य करता येते. शून्याचे पुन्हा एक मात्र सुटे सुटे करता येत नाही. त्यासाठी सबंध पट्टाच पुसावा लागतो, बहुधा किमान ४०९६ बाइटांचा. आणि पुसल्यावर त्या पट्ट्यात शून्ये उरत नाहीत, सगळीकडे एकच एक भरून राहतात. आपण कोरेपणा शून्याने दाखवतो. या पाटीचा कोरेपणा एकांनी गच्च भरलेला असतो. मला महत्त्वाचे वाटले ते असे, की नवे लिहिण्यापूर्वी जुने पुसावेच लागते. जुने गेले आहे आणि नवे अजून आलेले नाही, असे काही क्षण प्रत्येक सुधारणेत येतात. नेमकी त्याच वेळी वीज गेली तर? पुढच्या वेळी प्रोसेसर आपल्या ठरलेल्या पत्त्यावर जातो आणि तिथे त्याला वाचण्यासारखे काही सापडत नाही. पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा काळा राहतो. एकही भाग जळालेला नसतो, एकही तार तुटलेली नसते; तरी सारे निष्प्राण. दुकानातली मुले म्हणतात, ‘बोर्ड डेड झाला.’

हा दुबळेपणा साऱ्या जगाने एकदा पाहिला आहे. तैवानमधील चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने १९९८ साली एक विषाणू लिहिला. २६ एप्रिल १९९९ या दिवशी तो अनेक देशांतल्या संगणकांत जागा झाला. तो तबकडीवरची माहिती नासवी आणि जमेल तेथे या पहिल्या आज्ञांच्या चिपमध्येही कचरा लिही. तबकडी गेली तर दुसरी घालून यंत्र चालते. पण ज्यांची ही चिप बिघडली त्यांचे यंत्र उठेचना. वाचायलाच विसरलेल्या माणसापुढे चांगले पुस्तक ठेवून काय उपयोग?

आता खरी अडचण पाहा. नवी आज्ञावली चिपमध्ये लिहायची कोणी? संगणकानेच. संगणक चालतो कशाच्या बळावर? चिपमधल्या आज्ञांच्या. त्याच तर गेल्या! इंग्रजीत संगणक सुरू करण्याला जो शब्द आहे तो बुटाच्या मागच्या पट्टीवरून आलेला आहे. आपल्याच बुटाची पट्टी ओढून स्वतःला वर उचलणाऱ्या माणसाची ती थट्टा आहे. आपला उद्धार आपणच करावा, असा उपदेश गीतेच्या सहाव्या अध्यायात आहे. तो मला नेहमीच थोर वाटत आला. परंतु उद्धार करणारा आणि ज्याचा उद्धार व्हायचा तो, हे दोघे एकच असतील आणि तो एकच जमिनीवर पडलेला असेल, तर हात कोणी कोणाला द्यायचा?

फलक बनवणाऱ्यांनी यावर जी युक्ती काढली ती आपल्याकडे कोणतीही गृहिणी रोज रात्री करते. दही कितीही गोड लागले आहे असे वाटले तरी ती सगळे वाढून टाकत नाही. भांड्याच्या तळाशी चमचाभर ठेवते. तेवढ्यावर उद्याचे दूध विरजते. फलकावरच्या चिपमध्येही असा एक लहानसा भाग वेगळा राखून ठेवू लागले. बाकी सगळे पुसा, लिहा, बदला; नेहमीच्या सुधारणेत याला हात लावायचा नाही.

या राखलेल्या भागात काय असे, हे ऐकल्यावर मला फार मौज वाटली. मला वाटले होते, यंत्राचे सगळ्यांत मौल्यवान ज्ञान तेथे जपलेले असेल. तसे काही नव्हते. फ्लॉपीच्या काळातल्या फलकांवर तो भाग इतका अडाणी असे की पुष्कळदा त्याला पडद्यावर अक्षरसुद्धा उमटवता येत नसे. तो नुसता टीं टीं वाजे. त्याला एवढेच येई: आपले बाकीचे अंग धड आहे की नाही हे ओळखणे, नसेल तर फ्लॉपीवर ठरलेल्या नावाची प्रत शोधणे, आणि ती सापडली की उतरवून घेणे. ‘माझे बिघडले आहे, मला पुन्हा द्या, मी घेईन.’ एवढ्या तीन गोष्टी.

आपल्याकडे जुन्या-नव्याचा वाद होतो तेव्हा दोन्ही पक्ष या ठिकाणी चुकतात असे मला वाटते. परंपरेचा अभिमानी म्हणतो, आमच्या घरात जे जे आहे ते सगळेच पाया आहे, कशालाही हात लावू नका. सुधारक म्हणतो, पाया म्हणून काही नसतेच. सगळे पुसा आणि नव्याने मांडा. पहिल्याच्या घरात नवे कधी येत नाही, आणि दुसऱ्याच्या घरात नवे येता येता दिवा गेला तर पुन्हा उजेड होत नाही. राखून ठेवायचे ते सगळ्यांत पवित्र, सगळ्यांत सुंदर किंवा सगळ्यांत जुने असले पाहिजे असे मुळीच नाही. ज्याच्या आधाराने पुन्हा घेता येते, ते राखायचे. कसोटी एवढीच. घराण्याची ऐट, जातीचा ताठा, ‘आमच्यात असे चालत नाही’ हे वाक्य, ही सारी या कसोटीला लावून पाहावी. यांतली एकही गोष्ट माणसाला ‘माझे बिघडले आहे’ असे म्हणू देत नाही. तेव्हा ती कितीही जुनी असली तरी तिला विरजण म्हणता येणार नाही; ती फार तर भांड्याला चिकटलेली साय असेल.

आणि राखलेला भाग म्हणजे त्रिकाल सत्य, असेही नव्हे. त्यातही दोष निघतात. काही फलकांवर म्हणून दोन चिपा बसवतात. गिगाबाइट नावाच्या कंपनीने ही पद्धत पुष्कळ लोकप्रिय केली. एक चिप रोजच्या कामाची, दुसरी अडीनडीची. पहिलीवर सुधारणा करायची, ती नीट चालते हे पाहायचे, आणि तोवर दुसरीला धक्का लावायचा नाही. म्हणजे काही गोष्टी कधीच बदलू नयेत असे नसून, दोन्ही एकाच वेळी पुसू नयेत एवढाच नियम. मला तर हा नियम घटस्फोटापासून घटनादुरुस्तीपर्यंत सगळीकडे लागू करावासा वाटतो!

पण विरजणही संपते. कधी मांजर भांडे चाटून जाते, कधी पाहुण्यांच्या गर्दीत सगळेच वाढले जाते. मग काय करायचे, हे मी आमच्याच शाळेत पाहिले. कार्यालयातल्या संगणकाची अशीच सुधारणा चालू असताना पावसाळी दुपारी वीज गेली. फलकावर राखीव भाग होता, पण तोही जागा होईना. शाळेचे दाखले, मुलांच्या नोंदी यांच्या कामाचे दिवस. नवीन फलकाला पैसे नाहीत. तेव्हा गावात दुरुस्तीचे लहानसे दुकान चालवणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावले. वर्गात असताना तो शेवटच्या बाकावर बसे आणि निबंधात चार ओळींपुढे जात नसे.

तो आला तो तळहातावर मावेल एवढे एक साधन आणि आठ दातांचा एक चिमटा घेऊन. त्याने आधी विजेची तार काढली, फलकावरचा बटणासारखा सेलही काढला. चिपच्या एका कोपऱ्यावर बारीक टिंब असते. त्या टिंबाशी चिमट्याची लाल तार जुळवून त्याने चिमटा लावला आणि साधनाचे दुसरे टोक स्वतःच्या लॅपटॉपला जोडले. मी म्हटले, “आता चांगली प्रत भरायची ना?”

“नाही बाई, आधी तिच्यात काय उरले आहे ते वाचून घेतो.”

“अरे, पण ती तर बिघडली आहे.”

“बिघडली म्हणून काय झाले? तिचे नाव तिच्यातच आहे.”

मग त्याने समजावून सांगितले. कंपनीकडून मिळणारी प्रत त्या जातीच्या सगळ्या फलकांना सारखीच असते. पण प्रत्येक फलकाचा स्वतःचा क्रमांक, जाळ्यात ओळख पटवण्याचा पत्ता, कधी कधी विकत घेतलेल्या आज्ञावलीची किल्ली, हे पुष्कळदा याच चिपमध्ये लिहिलेले असते. दुसऱ्या फलकाची प्रत जशीच्या तशी ओतली तर यंत्र उठेल, चालेल. पण दुसऱ्याच्या नावाने चालेल. म्हणून तो बिघडलेली चिप वाचून घेतो; एकदा नाही, दोनदा. दोन्ही वाचने तंतोतंत जुळली तरच आपल्याला नीट ऐकू आले असे समजतो. ती नासकी प्रत जपून ठेवतो, तिच्यातून नाव-गाव उचलून चांगल्या प्रतीत बसवतो, मग पुसतो, लिहितो, आणि लिहिलेले पुन्हा वाचून ताडून पाहतो.

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली. चिपला बाहेरून जी वीज द्यायची तिचेही माप असते. काही चिपा ३.३ व्होल्टच्या, काही नव्या १.८ व्होल्टच्या. जास्त दिली तर मदत करता करता चिप जळून जाते. “घाई करून चालत नाही, बाई,” तो म्हणाला. तासाभराने पडदा उजळला. त्याने त्या फलकाच्या क्रमांकावर बोट ठेवून मला दाखवले. पेटीमागच्या चिठ्ठीवर होता तोच.

त्या दिवसापासून ‘सुधारणे’ हे क्रियापद माझ्या तोंडी जरा जपून येते. आपण किती माणसांना सुधारायला निघतो! दारूतून उठलेला भाऊ, माहेरचे वळण घेऊन आलेली सून, नापास झालेला मुलगा. आपल्याजवळ चांगली प्रत असते, ती खरीही असते. आधी त्याच्यात काय उरले आहे ते वाचावे, हे मात्र सुचत नाही. बिघडलेल्याचे काय वाचायचे, असे वाटते. मग तो माणूस उठतो, चालतो, वेळेवर जेवतो, सगळे म्हणतात छान सुधारला; आणि त्याच्या डोळ्यांत पाहिले तर तो दुसऱ्याच कोणाच्या नावाने वावरतो आहे असे दिसते. मापाची गोष्ट तर विचारूच नका. प्रेमाच्या भरात दिलेला उपदेश किती व्होल्टचा होता, हे कोण मोजतो?

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या अंगाला एका निवासी शाळेत मी काही काळ होते. तेथे पहिलीत येणाऱ्या मुलांच्या घरी पावरी बोलत, कोणाकडे भिली. पुस्तके मराठीत. दरवर्षी जूनमध्ये वर्गात एक शांतता असे. बाहेरून आलेले पाहुणे म्हणत, काय शिस्तीची मुले आहेत! ती शिस्त नव्हती. मुलांच्या जवळ बोलायला पुष्कळ होते. पण ते जिथे बोलता येईल अशी भाषा दाराबाहेर ठेवून यायचे, असे त्यांना आडून आडून कळलेले होते. त्यांत सहा वर्षांचा एक मुलगा होता. तो मराठी अक्षरे सुरेख काढी. फळ्यावरचे हुबेहूब उतरवून घेई, चुकलेले सुद्धा. तोंडातून शब्द नाही. दिवाळीच्या सुटीआधी तो आजारी पडला, आणि कुठे दुखते हे त्याला कोणालाच सांगता येईना. शेवटी भटारखान्यातली स्वयंपाकाची बाई पीठ लागलेल्या हातांनी आली, त्याच्याजवळ बसली आणि पावरीत चार शब्द बोलली. मुलाने कानावर हात ठेवला आणि रडू लागला. चार महिन्यांत त्याचा आवाज मी प्रथमच ऐकला.

पुढे ती बाई रोज भाकऱ्या झाल्या की वर्गाच्या दारात येऊन बसू लागली. मुलाला काही अडले की तो तिच्याकडे पाही, ती विचारी, आणि मला सांगे, “त्याला हे समजले नाही.” मार्चपर्यंत तो मला स्वतःच मराठीत म्हणू लागला, “बाई, समजले नाही.” एखाद्या मुलाने म्हटलेल्या कवितेपेक्षा मला ते वाक्य गोड लागले.

चिपमध्ये जुने पुसल्यावाचून नवे लिहिता येत नाही. तो तिचा धातुधर्म आहे. मुलाच्या मनाला ती अट नाही. तेथे एकाशेजारी दुसरे लिहिता येते, किंबहुना पहिल्याच्या आधारानेच दुसरे टिकते. तरीही आपण शाळेत, घरात, कधी साऱ्या समाजात, पुसण्यापासून सुरुवात करतो आणि त्याला कोरी पाटी म्हणतो. पुसलेली पाटी रिकामी दिसत नसते, ती एकसारखी दिसत असते. आणि आपल्याला त्या एकसारखेपणाचे फार समाधान वाटते.

मग मूळ प्रश्नाचे काय? स्वतःला बदलताना काय राखावे? माझे उत्तर आता लहान आहे. ज्या भाषेत, ज्या नात्यात, ज्या सवयीत आपल्याला ‘समजले नाही, पुन्हा सांगा’ असे न लाजता म्हणता येते, तेवढे राखावे. बाकी सगळे काळाप्रमाणे बदलू द्यावे. त्यातले पुष्कळ बदलायलाच हवे असते. आणि कधी तेवढेही हातचे गेले, तर शेजाऱ्याच्या दारात वाटी घेऊन उभे राहायला संकोच वाटू नये. ज्याच्या दारात कोणी वाटी घेऊन येईल त्याने चमचाभरच द्यावे, आणि देण्याआधी त्याच्या भांड्याच्या तळाशी काय उरले आहे ते एकदा नीट पाहून घ्यावे.